तुगानचं तिकीट

परदेशात, आबिजानला वाढलेली रासमाता वागाडुगूच्या बसस्टँडवर म्हातारीचं आणि शेजारच्या माणसाचं भांडण ऐकून गोंधळली होती.

"आडनाव काय रे?"

"झेर्बो. सामो आहे."

"म्हणजे आम्हा मोस्सींचा गुलाम! ऊठ, बसू दे मला."

"गुलाम तू, म्हातारे!"

"जुनं वैर आहे का?" रासमातानं विचारलं.

"छे, आत्ताच भेटलोय," झेर्बो म्हणाला. "मोस्सी आणि सामो जमातींनी एकमेकांची अशी थट्टा करायची रीतच आहे, अगदी मयतीतसुद्धा."

"निघालास कुठं, कुत्रेखाऊ?"

"तुगानला. आई गेली. उद्या माती आहे."

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली. मग तिकीट खिडकीवर जाऊन ओरडली, "माझं तिकीट बदला. तुगानचं द्या."

"आजी, तिथं कोण आहे तुमचं?" रासमातानं विचारलं.

"कुणी नाही. पण मोस्सीनं खड्ड्यात आडवं पडून धिंगाणा घातल्याशिवाय सामोची आई मातीआड जाईल होय?"

"गुलामांनी टपावर बसायचं," झेर्बो डोळे पुसत म्हणाला आणि तिची पिशवी उचलली.