फुकटची शिष्यवृत्ती

तुम्ही शिष्यवृत्तीच्या गोष्टी करून राह्यले म्हणून सांगतो, माझी तर बाबानं घालवलीच होती.

आम्ही चांद्याकडल्या मूल गावचे, तलावात मासोळ्या धरणारे. नागपूरच्या कॉलेजची फी भरणं आमच्यानं होणार नव्हतं. चांद्याच्या हापिसातले साहेब बाबाले म्हणाले, "फी सरकार भरते. तुम्ही फक्त इथी अंगठा लावा."

बाबानं अंगठा मुठीत लपवला. "पैसे वापस कवा द्या लागते?"

"वापस नाई द्या लागत."

"अन् व्याज?"

"तेही नाई."

"मंग पोरगं तुमच्याकडं राबाले ठेवता काय?"

"नाई हो भाऊ. काहीच घेत नाई."

बाबा उठलाच. "चाल रे. जनमभर मी गळाले चारा लावला. मासोळीले फुकट कोणी खाऊ घालत नाई."

आम्ही दारापर्यंत पोचलो. साहेब वैतागून मागून म्हणाले, "पोरगं नापास झालं का पैसे बंद होतात, एवढं तरी ऐकून जा."

बाबा थांबला. परत येऊन साहेबासमोर बसला अन् मूठ उघडली.

"हे आधी काऊन नाई सांगतलं? आता गळ दिसला. लावा शाई."