नीसच्या वरच्या गावातली आजी

देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, तेव्हा नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या ऋचाला अर्धा तास डोळे मिटून बसावं लागलं. शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"पद्माक्का, फ्रान्सचा समुद्र कसा होता?"

"समुद्र खाली, नीस शहरात. आमचं काम वर डोंगरातल्या गावात. अगं मालती, आमच्या श्रीधरनं तिकडची मुलगी पसंत केलीय. तिला पाहायला गेलो होतो."

"पाहिलीत?"

"तिच्या आजीनंच आम्हाला पाहिलं. श्रीधरला शिडीवर चढवून ऑलिव्ह काढायला लावले, मग भांडी घासायला. यांना विचारलं, स्वयंपाक काय काय येतो."

"आणि तुम्हाला?"

"म्हणाली, चर्चपर्यंत चढ चालून दाखवा."

"दाखवलात?"

"दोनदा."

"कांदेपोहे तरी दिले का?"

"कांदे होते, जाड भाकरीवर पसरलेले. पोहे नव्हते."

"मग ठरलं काय?"

"कळवतो म्हणाली. दीड महिना झाला. आजी हो म्हणेपर्यंत मुलगी लग्नाला तयार नाही, आणि श्रीधर तिकडे धड जेवत नाही. एवढा वेळ लागतो का गं कळवायला?"

"श्रीधरसाठी आमच्या जयूला पाहून गेलात, तेव्हा तुम्हीही कळवतो म्हणाला होतात, अक्का. चार वर्षं झाली."



"जयू कशी आहे?"

"मजेत आहे. रविवारी तिच्या मुलाचं बारसं आहे. याल ना?"

"येईन की."

"नक्की?"

"कळवते."