डिकीतलं धप्प

किती सेकंद? अहो, साधा प्रश्न आहे, किती सेकंद? यात चिडण्यासारखं काय आहे? पण नाही! तुम्हाला सांगतो, चार महिने मी हा प्रश्न घेऊन दारोदार फिरलो, एका माणसानं सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ! पार्टवाल्याला विचारलं, तर तो चष्मा कपाळावर चढवून, "कपॅसिटर कितीचा घालणार?" आता विचारतोय मी की तू? गॅरेजवाल्या मामांना विचारलं, तर ते गाडीखालूनच, "आधी तो चौदाचा पाना दे!" दिला. पुढे? पुढे काही नाही! पाना मिळाला, विषय संपला.

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हीच म्हणाल, कसले सेकंद आणि काय. आमच्या दादाची गाडी. डिकीत दादानं दोन अ‍ॅम्प्लिफायर बसवलेले, स्वतःच्या हातानं, आणि हा एवढा मोठा स्पीकर, मागच्या सीटला पाठ लावून. आवाज असा, की पोचलात तरी गाडीतून उतरू नये! खोट एकच. किल्ली फिरवली की धप्प! का? तर अ‍ॅम्प्लिफायर उठतो टुणकन, पुढचा गाणी लावणारा प्लेअर उठतो डोळे चोळत, आणि उठता उठता जे काही खाकरतो ना, तेवढं खाकरणं हा अ‍ॅम्प्लिफायर पठ्ठ्या शंभरपट करून बाहेर फेकतो. उपाय? अ‍ॅम्प्लिफायरला थोडा वेळ झोपवून ठेवायचं, प्लेअर सावरला की मग उठवायचं. पण थोडा वेळ म्हणजे किती सेकंद? दादालाच विचारलं होतं मी. बुटाच्या खोक्याच्या झाकणावर त्यानं सगळं सर्किट काढलं होतं, फक्त सेकंदांची जागा मोकळी. म्हणाला, "उद्या सांगतो रे." आणि उद्या... उद्या माणूसच नाही. एकतीस वर्षांचा! झोपेत! डॉक्टरलाही विचारलं मी, असं कसं? त्यानंही... जाऊ द्या.

तर आता गाडी वहिनी चालवते. आठवड्यातून तीनदा आईला गुडघ्याच्या व्यायामाला नेते. आई मागे, पाय लांब करून. किल्ली फिरली की धप्प, बरोबर आईच्या पाठीत! आई दचकते, छातीवर हात. एकदा झालं, दोनदा झालं, शेवटी वहिनी म्हणाली, "भाऊजी, रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर डिकीतलं सगळं उतरवून टाका." उतरवून टाका? दादाचा हात लागलाय त्या एकेका स्क्रूला! मी म्हटलं, "वहिनी, रविवार कशाला, शनिवारी घ्या!" आपलं हे असं. आधी बोलून मोकळं व्हायचं. नववी दोनदा नापास आहे मी, मान्य, पण सोल्डरिंगचे डाग द्यायला बसलो की आपल्यासारखा दुसरा दाखवा!

बसलो झाकण घेऊन. प्लेअरकडून अ‍ॅम्प्लिफायरला 'ऊठ' म्हणून सांगणारी निळी वायर असते, ती मध्येच तोडली. मध्ये घातला रेझिस्टर, म्हणजे समजा बारीक नळी. पुढे कपॅसिटर, म्हणजे बादली. नळीतून बादली भरते, भरली की ट्रान्झिस्टर रिलेला, म्हणजे खटक्याला, ढोसतो, रिले करतो टक, आणि मग उठतात आमचे दोन कुंभकर्ण! आता किती सेकंद, ते बादली केवढी आणि नळी केवढी यावर. आकडेमोड आपल्याला येत नाही. मग काय, नळ्या बदलत बसलो आणि तोंडानं एक, दोन, तीन, चार... टक! धप्प नाही!

वहिनीला हाक मारली. किल्ली फिरवली. टक. गुपचूप गाणं सुरू. मी ऐटीत म्हटलं, "बंद करा, आणि लगेच पुन्हा लावा!" लावली. धप्प!!! आई घरातून ओरडली, "अरे, काय पडलं?" म्हटलं, "माझी अब्रू!"

झालं होतं काय, बादली भरलेलीच! रिकामी व्हायला वाट कुठे ठेवली होती मी? झाकण पुन्हा पाहिलं, तर रेझिस्टरच्या डोक्यावर इवलासा बाण. मला वाटलं होतं पेन घसरलं! तो डायोड होता हो, गाडी बंद झाली की बादली झटक्यात ओतून टाकणारा! दादाचं पेन कधी घसरलंय? घसरलेला मीच. बसवला डायोड. दहा वेळा बंद, दहा वेळा चालू. टक. टक. टक. जिंकलो!

रविवारी तिघं बसलो गाडीत. वहिनीनं किल्ली फिरवली. प्लेअरचा दिवा लागला, आणि सगळं गप्प. आईचा हात आधीच छातीवर. एक... दोन... तीन... चार... टक. गाणं लागलं. आईनं हात खाली घेतला. मी शाबासकीची वाट बघतोय, तर वहिनी म्हणते,

"भाऊजी, चार फार होतात. दोनच करा."

मागून आई, "राहू दे गं. तेवढ्यात वाटतं, तो मागे डिकीत खुडबुड करतोय."

"मलाही तेच वाटतं, आई. म्हणूनच नको."

आता बोला! किती सेकंद? दोन करू, तर आईचं काय, चार ठेवू, तर वहिनीचं काय? आणि ज्याला विचारायचं तो... जाऊ द्या हो.

मी खाली उतरलो, डिकी उघडली, रेझिस्टर काढला आणि त्याच्या जागी आवाजाचं असतं ना तसलं, पण सेकंद कमीजास्त करणारं फिरतं बटण घातलं, वायर सीटखालून ओढून ते पुढच्या दोन सीटच्या मध्ये आणलं, दोघींचा हात पोचेल असं. आता वहिनी बसता बसता ते डावीकडे फिरवते, उतरता उतरता आई उजवीकडे. यावर दोघी एकमेकींना एका शब्दानं बोलत नाहीत. परवा गॅरेजवाले मामा बघायला आले, म्हणाले, "अरे, बटणाभोवती आकडे तरी लिही!"

लिहितो की. काय लिहू, कप्पाळ?