नवरी रडतेच म्हणून

मी जाफराबादचा. बाप दमणी हाकायचा, आजा बी दमणीच हाकायचा, आन् मंग मी. दमणी म्हणजे छत घातलेली हलकी बैलगाडी, लगनाच्या माणसांची. नवरीला सासरी पोचवायचं हे आमचं काम, न् लोकं म्हणायची, यांच्या दमणीत बसलेली पोर नांदतेच, माघारी येत न्हाई. मला त्याचा लई मान वाटायचा.

काय सांगू तुम्हाला मास्तर, आमचं गाव शिवेवरचं. पलीकडं वऱ्हाड, इंग्रजाचा अंमल, अलीकडं आमची मोगलाई, निजामाची. तिकडं कायदा झाला, चौदाच्या आतल्या पोरीचं लगीन लावलं तर शिक्षा. आमच्याकडं तसं काही नव्हतं. मंग तिकडची लोकं पोरी घेऊन इकडं यायची, मारुतीच्या पारावर अक्षता टाकायची, न् गेली बी. एकेका तिथीला चार-चार नवऱ्या. सात वर्षांची, आठ वर्षांची, एक तर मुंडावळ्या बांधता बांधताच झोपी गेल्ती. आम्ही हसायचो. भटजी म्हणायचे, सायबाच्या कायद्याला आमची नदी पोहता येत न्हाई.

अशाच लगनसराईत एक माणूस आल्ता. अंगात कोट, डोक्याला रुमाल, बोलणं गोड. म्हणला, भाचीचं लगीन लागलं, सासर हैदराबादकडचं, नवरदेव पुढं गेलाय, आम्हाला जालन्याच्या ठेसनावर सोडा. संग एक बाई, न् नवरी. नऊ-दहा वर्षांची असंल, हिरवं लुगडं, हनवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

आता आमच्यात नवरी एकटी जात न्हाई. माहेरची कोणीतरी, आजी, आत्या, संग जाती. पाठराखीण म्हणतात तिला. नव्या घरी पोरीला कुशीत घेऊन ती निजती. मी इचारलं, पाठराखीण कोण? ती बाई म्हणली, मीच की. पण पोर तिच्यापासून अंग चोरून बसल्ती, दांडीला चिकटून. पाठराखीण म्हणजे जिच्या मांडीवर पोर डोकं टाकती, हे मी वीस वर्षं पाहत आल्तो. ते बी बराबर पाह्यलं, तरी बैलं जुपली.

सीधा रस्ता टेंभुर्णीवरून, पण तो म्हणला केदारखेड्याकडून चला, तिकडं माझं काम हाय. काम काहीच नव्हतं. केदारखेड्याला बैलं पाण्यावर सोडली तर पोर खाली उतरली न् माझं धोतर धरलं. मामा, हे माझे कोणी न्हाईत, मला आईकडं न्या. मी काय म्हणलो माहीत हाय का, म्हणलो, अगं माय, सगळ्याच असं म्हणतात, दोन दिवस रडशील, मंग माहेर आठवणार बी न्हाई. बाप प्रत्येक नवरीला हेच म्हणायचा, मी बी प्रत्येकीला हेच म्हणायचो. पाणी भरणाऱ्या बाया हसल्या, एकीनं तिच्या हातावर गूळ ठेवला. नवरी रडतेच. रडली न्हाई तर लोकं नावं ठेवतात. पुढं चावडीवर शिपाई बसल्ता, त्यानं बी राम राम केला. मुंडावळ्या बांधलेल्या पोरीला कोण अडवतं?

ठेसनावर मीच तिला उचलून उतरवलं. तिनं गळ्याला मिठी मारली ती सोडंना. मंग सोडवली. ह्या हातांनी सोडवली.

चौथ्या दिवशी तिचा बाप आला, वऱ्हाडातून, पायी. पोरीचं नाव गोदी, गाव बी सांगितलं. बाजारातून कोणी नेली म्हणला, हनवटीवर तीन ठिपके हायेत, कोणी पाह्यलं का. मी समोरच बैलांना वैरण टाकून राह्यलो होतो. म्हणलो, न्हाई पाह्यली. पोलिसांचा अमीन सायब आधी मलाच बांधून नेईल, याची भीती. त्यानं मला हात जोडले न् पुढच्याला इचारायला गेला. त्या टायमाला माग ताजा होता, मास्तर. न कळता नेली ते एक, पण हे तर कळून केलं.

त्यानंतर मी नवरी बसवली न्हाई, कापूस वाह्यला. सात-आठ वर्षं तशीच काढली. मंग एक दिवस उठलो न् गोदीच्या गावाला गेलो. बाप गेल्ता. आई होती. वसरीवर पाव्हणे बसल्ते, गोदीची धाकटी बहीण, दहा वर्षांची, तिची सुपारी फोडायला आल्ते. नवरा बिजवर, पंचविशीच्या पुढचा.

आईला मी गोठ्यात सगळं सांगितलं. ती ओरडली न्हाई, रडली बी न्हाई. खाली बसली न् म्हणली, रस्त्यानं काही खाल्लं का तिनं? म्हणलो, गूळ खाल्ला. मंग तिनं माझे पाय धरले. दादा, मी लोकाला सांगितलंय, गोदीचं लगीन झालं, ती लांब दिलीय. कोणी इश्वास ठेवत न्हाई, म्हणतात हिनंच पोर इकली, अशा घरची करायची कशी. तुम्ही गाडीवान, तुमच्या तोंडानं सांगा, मी तिला सासरी सोडलं, ती सुखी हाय. एवढं बोला, तुमचं पाप मी माफ करते.

आईनं पाव्हण्यांना सांगितलं, हेच ते गाडीवान, न् मी वसरीवर गेलो. धाकटीनं पाणी दिलं, तांब्या तिला दोन हातांनी बी पेलंना. नवऱ्याचा बाप म्हणला, या पाव्हणं, तुम्हीच सोडलं म्हणे थोरलीला? आमचं बी तुमच्या जाफराबादेतच लावू, तिकडं कोणी इचारत न्हाई, दमणी तुमचीच सांगू. सगळे हसले. आई दाराआडून माझ्याकडं पाहून राह्यली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणलो, सोडलं, पण सासरी न्हाई. मंग सगळं सांगितलं.

पाव्हणे उठले, सुपारी तशीच राह्यली. आई अंगणात आली न् मूठभर माती माझ्या तोंडावर फेकली. एक पोर नेलीस न् दुसरीचं घर मोडलंस, तुझ्या लेकराला भाकर मिळू नये. मी ऐकून घेतलं न् तसाच वाटेला लागलो.

आता ह्या रझाकारांच्या गडबडीत शीव ओलांडणं मुश्किल, पण तिकडचा माणूस भेटला की मी त्या घरचं इचारतो. धाकटी सोळा-सतराची झाली, अजून आईजवळच हाय, दोघी मिळून शेत करतात. चांगली माणसं आली तर देव तिचं चांगलं करो. गोदीचा पत्ता न्हाई, लागणार बी न्हाई. म्हातारी म्हणे अजून, भाकरी थापताना, माझ्या नावानं शिव्या देती, न् पोर म्हणती, आई, पुरे आता, तवा तापलाय. देऊ द्या शिव्या. पुरे म्हणायला एक तरी पोर घरात हाय.