बारकीच्या फोनला घाम फुटला

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बारके, तू होय! हा कुठला नंबर?

… लाँड्रीच्या ऑफिसचा? आणि तुझा मोबाइल कुठे गेला?

… हातातच आहे? मग त्याच्यावरून कर ना फोन!

… हो, हो… अगं ऐक ना… अगं आधी श्वास घे. मला एक अक्षर कळत नाहीये. मागे ते मशीन केवढ्यानं घरघरतंय. दार लोटून घे… लोटलंस? हं. आता बोल.

… बोट लावलं तरी हलत नाही. बरं. आणि बोट लावलं नाही तर?… आपोआप हलतो? म्हणजे तुझ्याच वळणावर गेलाय. सांगितलेलं करायचं नाही, न सांगितलेलं हमखास करायचं.

… बरं बाई, नाही करत चेष्टा. या दमट हवेत होतंच असं. सकाळपासून काउंटरवर दुसरं काही नाही. जो येतो त्याचं एकच, ताई, स्क्रीन ऐकत नाही. आता समोर एक काका बसलेत, त्यांच्याही फोनचं तेच. थांब हं… काका, दोनच मिनिटं, धाकटी बहीण आहे. हो, तुम्ही चष्मा पुसून घ्या तोवर… हं, बोल.

… अगं मग इतकी रडकुंडीला का आलीस? फोनच आहे, दुरुस्त होईल. घरी बहीण मोबाइल-दुरुस्तीवाली असून—

… काय केलं त्यानं? फोन लावला? आपोआप? बरं, कुणाला?

… कुणाला?!

… दादाला?

… नाही, हसत नाहीये. खोकला आला. आपल्या दादाला? ज्याच्याशी तू लग्नापासून बोलली नाहीस, त्या दादाला?

… ते मला कशाला सांगतेस? मी होते की तिथेच. हॉलमधल्या खुर्च्यांच्या घड्या घालत होते तेव्हा पोचला तो. फोटो झाले, जेवणं झाली, नवरदेवाचे बूटसुद्धा पिशवीत गेले होते. पण बस बंद पडली होती ना त्याची? ड्रायव्हर माणूस. भरलेली बस रस्त्यात सोडून बहिणीच्या लग्नाला पळत सुटणार का?

… हो, तुला तेव्हा माहीत नव्हतं. कबूल. आणि तू चारचौघांत ‘आता कशाला आलास’ म्हणालीस, आणि तो आल्या पावली परत गेला. तेव्हापासून तुमच्या दोघांची टपालपेटी झालेय मी. तिला सांग, त्याला सांग, मी विचारलं म्हणून सांगू नकोस पण विचार! वैताग आलाय मला.

… ते राहू दे. आधी सांग, त्याला फोन लागला कसा? नंबर तर तू काढून टाकला होतास. माझ्यासमोर म्हणाली होतीस.

… ‘काढायचा राहिला’?

… सगळ्यात वर? आवडत्या नंबरांत? नवऱ्याच्याही वर?

… काही नाही. मी काहीच म्हणत नाहीये. खोकला आला.

… बरं, पुढे. फोन एप्रनच्या खिशात होता. एप्रन ओला. खिशात पडल्या पडल्या लागला… आणि त्यानं उचलला. मग? तुला कळलं कधी?

… अरे देवा. म्हणजे इतका वेळ तो ऐकत होता? आणि तू काय करत होतीस?… चादरी इस्त्रीला लावत होतीस, ते कळलं गं. तोंडानं काय करत होतीस? गप्प तर बसली नसशीलच.

… कोण? ती नवी मुलगी, इस्त्रीवरची? तिचं काय?

… हं… तिचं लग्न ठरलंय… आणि तिचा भाऊ परगावी, त्याला सुट्टी मिळत नाही… म्हणून ती रुसून बसलीय त्याच्यावर. आणि तू तिची समजूत काढत होतीस.

… काय म्हणालीस तिला? नीट सांग.

… ‘आला नाही तर नाही, उशिरा आला तर उशिरा, पण आल्यावर आधी ताट वाढ त्याला. मी माझ्या भावाला उपाशी घालवला’… असं म्हणालीस?

… अगं, मग वाईट काय आहे त्यात?

… त्याच्या आधी? आधी काय बोललीस?

… दादाच्या घोरण्याची नक्कल? एवढ्या मशीनच्या आवाजात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं?… आणि त्याच्या नाकाबद्दल?… बारके!

… थांब, थांब, रडू नकोस. आणि मग?… मग खिशात हात घातलास तर फोन गरम, आणि वर त्याचं नाव. कट करायला गेलीस तर होईना. शेवटी त्यानंच ठेवला. बरं.

… मेसेज आलाय? काय लिहिलंय?

… ‘बारके, सगळं ऐकलं मी. तू’… तू काय?… तिथेच संपतो? अगं संपत नाही तो, पुढचा आत आहे. उघड ना!

… हो गं हो, स्क्रीन हलत नाही, विसरलेच मी. चल, बघू या. घाबरू नकोस. तू मी सांगते तेवढंच कर, स्वतःची अक्कल चालवू नकोस.

… नाही! हेअर ड्रायर नको. आणि इस्त्री तर मुळीच नको! कुणी सुचवलं? त्या मुलीनं?… तिला म्हणावं तू लग्नाची तयारी कर. गरम वाऱ्यानं आतला डिंक सुटतो, पाणी आणखी आत जातं. चार्जरला लावलायस का?… काढ. आधी काढ. ओला असताना चार्जिंग नाही.

… काका, तुम्ही पण ऐकू नका तसलं काही. हो, तांदळाच्या डब्यातही नाही. भुकटी जाते हो त्या चार्जिंगच्या भोकात, मग मलाच सुईनं कोरत बसावं लागतं.

… हं, काढलास? आता मला सांग, सकाळी फोन कुठे होता?… साहेबांच्या एसी केबिनमध्ये, ड्रॉवरमध्ये. आणि तिथून सरळ वाफेत नेलास! अगं, थंडगार काचेला वाफ लागली की दव धरणारच. इथे काकांच्या चष्म्याचं तेच झालंय, बाहेरच्या गाडीतल्या एसीतून उतरले आणि आंधळी कोशिंबीर. त्या काचेला बोट कुठलं आणि पाणी कुठलं, ओळखू येत नाही. थेंब पडला तरी तिला वाटतं कुणीतरी दाबलं. म्हणून आपोआप फोन लागतात.

… हो, मुद्दाम नाही केलं त्यानं. बिचारा यंत्र आहे. तुझ्या मनातलं कसं कळणार त्याला?

… काही नाही, पुढे चल. आत्ता केबिनमध्येच आहेस ना? तिथेच थांब. दारं बंद ठेव, एसी असू दे, ती हवा कोरडी असते. आधी हात पूस. एप्रनला नाही! ओल्या एप्रनला पुसून काय उपयोग? कोरडं काही घे… टॉवेल? लाँड्रीत उभी राहून टॉवेल विचारतेस मला?… हं, घडी केलेला. घे एक. साहेब काही म्हणणार नाहीत.

… पुसले? मधल्या बेचक्यासुद्धा? आता फोनचं कव्हर काढ.

… निघत नाही कसं? कोपऱ्यातून. नखानं… हां. आत काय दिसतंय?

… बघ. दवबिंदू. आणि स्क्रीनवरची काच, ती वरून चिकटवलेली, तिचा कोपरा उचललाय का?… खाली फुगे? मग तीही काढ. हळू… हो गं, महागाची आहे, माहितेय, मीच लावून दिली होती. मीच दुसरी लावून देईन. काढ… निघाली? शाबास. तिच्याखालीच पाणी लपलं होतं. आता मऊ कापड घे. टॉवेलनं नको, धागे राहतात. चष्म्याचं कापड आहे का साहेबांच्या टेबलावर?… घे घे. वरून खाली, एकाच दिशेनं, चोळू नकोस.

… काय झालं?

… वाजतोय? दादाच?

… मग उचल!

… सरकत नाही. बरं, राहू दे. वाजू दे… कट कशाला करायचाय तुला? आणि कटही होत नाही? बघ, काय न्याय आहे! घेताही येत नाही, टाळताही येत नाही. पुसत राहा तू.

… थांबला?

… अगं, मग ऑफिसच्याच फोनवरून लाव की त्याला. मी देते नंबर.

… का नाही?… आधी मेसेज वाचायचाय. चिडला असेल तर?… हं. तेही खरं. नाही, मी नाही विचारणार त्याला. टपालपेटी आज बंद आहे. चावी हरवली. तुझा फोन, तुझा भाऊ, तुझं घोरणं.

… अगं त्याचं घोरणं, तेच ते.

… आता बाजूची दोन बटणं, चालू-बंदचं आणि आवाज कमी करण्याचं, दोन्ही एकदम दाबून धर. सोडू नकोस. धर… धर… काळा झाला? आता सोड. येईल उजळून. बंद होऊन परत चालू झाला की स्क्रीन सगळं नव्यानं मोजते.

… नाही गं, मेसेज नाही जात कुठे. आहे तिथेच आहे.

… काका, झालंच हो. तुमचा तर मी पुसूनच ठेवलाय. बसा, पंख्याखाली बसा. हो, भावाबहिणीचंच आहे काहीतरी. तुम्हाला आहे बहीण?… मग कळेल तुम्हाला.

… आला चालू? घाल पासवर्ड. एकेक आकडा, सावकाश.

… पाच दाबलं तर आठ उमटतो? परत पूस. बोटही पूस. हळूच टेकव, खुपसू नकोस. कणीक तिंबत नाहीयेस तू… उघडला? उघडला! बघ, म्हटलं होतं ना! नंतर सेटिंगमध्ये जाऊन टचची संवेदनशीलता वाढवून देईन मी. आणि उद्यापासून वाफेत जाताना प्लास्टिकच्या पिशवीत… हॅलो? बारके?

… वाचतेयस?

… अगं, मोठ्यानं वाच ना.

… हं… ‘तू त्या मुलीला बरोबर सांगितलंस’… हं… ‘पण मी काही उपाशी गेलो नव्हतो. डेपोच्या कँटीनमध्ये दोन प्लेट हाणल्या. एवढे दिवस उगाच मनाला लावून घेतलंस. आणि मी असा घोरत नाही.’

… दोन प्लेट? असं लिहिलंय त्यानं?

… नाही, काही नाही. थांब हं एक मिनिट, काका काहीतरी विचारतायत.

… काका, काही विचारू नका. फोनवर हात ठेवलाय मी, ऐकू जात नाही तिला. अहो, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आला होता तो. आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. मी वाढलं तर घास तोंडापर्यंत न्यायचा आणि खाली ठेवायचा. आणि आता म्हणे दोन प्लेट… नाही हो, मी कशाला सांगतेय तिला? त्यानं एवढ्या मायेनं खोटं लिहिलंय, ते मी मोडू?

… हं, बारके, आले. काय म्हणत होतीस?

… हो गं. खाल्ल्या असतील. खाणारा माणूस आहे तो. मग! एवढे दिवस उगाच कुढत बसलीस ती. आता कर त्याला फोन, आणि… काय?

… परत वाजतोय? घे! सरकव… सरकत नाही? आता का नाही सरकत, आत्ता तर चालला होता!

… बारके, खरं सांग. डोळे पुसलेस ना आत्ता? त्याच बोटानं?

… अगं वेडे, ते बोट कोरडं कर! टॉवेल… खाली पडला तर पडू दे! दुसरं बोट लाव. डावा हात लाव. नाक लाव, पण घे, थांबायच्या आत घे…

… घेतलास?

… बोलतेयस का?… मी ऐकतेय… नाही, माझ्याशी नको, त्याच्याशी बोल. हा फोन ठेवून दे…

…

काका, श्श. ‘दादा’ म्हणाली ती. लग्नानंतर पहिल्यांदा… हो, हसतेय. नाही, रडतेय. दोन्ही करतेय… आणि आता ती घोरून दाखवतेय त्याला. मशीनवर मात करून… रिसीव्हर ठेवायचा विसरली वेंधळी. सगळं ऐकू येतंय मला.

नको. ते त्यांचं त्यांना बोलू दे.

ठेवते गं बारके… ऐकतेय कुठे ती? ठेवते.