न्हाणीवरचा पत्रा

मानसिंग : ...तर अक्का, तुमच्या यजमानांना एवढंच सांगा, उद्या सकाळी दहाला वायरलेसचे साहेब येणार आहेत. त्याच्या आत मला तुमच्या न्हाणीच्या पत्र्यावर पाच मिनिटं चढू द्या.

पार्वतम्मा : भाऊ, ते हितंच बसलेत की. मधी एवढीशी भिंत. त्यांचे कान फुटलेत व्हय?

मानसिंग : आमचं बोलणं नाही.

चनमल्लप्पा : पार्वती, त्यांना म्हणावं, माझंबी न्हाय. आन् माझ्या पत्र्यावर त्यांचा पाय पडायचा न्हाय म्हंजे न्हाय.

पार्वतम्मा : ऐकलं का भाऊ?

मानसिंग : मला काही ऐकू आलं नाही. तुम्ही सांगा.

पार्वतम्मा : अय्यो शिवा! चार वर्षं झाली, ह्या दोघांचा डाकिया झालीय मी. आन् तुमी तर तारमास्तर की वो. आख्ख्या सोलापूरच्या तारा तुमी धाडता, आन् स्वतःची तार माझ्या तोंडानं! बरं. ते म्हणतात, चढायचं न्हाय.

मानसिंग : मग त्यांना म्हणावं, माझं हौशी रेडिओचं लायसन जाणार. दोनदा नापास होऊन मिळवलंय ते. लष्कराच्या भंगारातले पार्ट गोळा करून सेट बांधला मी. दिवसभर ऑफिसात लोकांच्या मयताच्या तारा घेतो अक्का, ते त्या संध्याकाळच्या एका तासासाठी. सहा ते सात बेळगावशी बोललो नाही तर मला जेवण जात नाही.

चनमल्लप्पा : इचार, लायसन का जाईल म्हणून.

मानसिंग : का जाईल? त्यांनीच तक्रार केली म्हणून! ही नक्कल आली आज. वाचतो. "माझ्या न्हाणीचा पत्रा रोज सायंकाळी सहा वाजता शेजारी मानसिंग यांच्या आवाजात बोलतो. तरी बंदोबस्त व्हावा."

पार्वतम्मा : अहो, हे तुमी ल्हिलं?

चनमल्लप्पा : ते बहात्तर सालचं हाय! भांडण झालं त्या आठवड्यातलं. मी इसरलोबी.

मानसिंग : ऑफिस विसरलं नाही. वर शिक्का मारलाय, "तातडीचे".

पार्वतम्मा : चार वर्षांनी तातडीचं?

मानसिंग : साहेब उद्या यांना एकच विचारणार, पत्रा बोलतो का. त्यांनी नाही म्हणावं. एक शब्द. माझं लायसन वाचलं.

चनमल्लप्पा : त्यांना सांग, छत्तीस वर्षं मिलमधी जॉबर होतो मी, हजेरी माझ्या हातात. सख्ख्या मेव्हण्याची खोटी हजेरी लावली न्हाय. पत्रा बोलतो. बोलतोच. साहेबांनी इचारलं तर मी व्हय म्हणणार.

मानसिंग : मग तो बोलायचा बंद तर करू द्या! अक्का, माझी तार माझ्या गच्चीवरनं तुमच्या कडुलिंबाला जाते. लिंबाकडची सुतळी कुजली, तार खाली आली आणि त्या पत्र्याच्या ठिगळावर पडून राहिली. ठिगळ जुन्या गंजक्या पत्र्याचं. तो गंज माझा आवाज पकडतो. बोलतो मी, निम्मी ताकद जाते तुमच्या न्हाणीत. बेळगावला उरलेली.

पार्वतम्मा : आन् त्ये ठिगळ कुणापायी बसलं?

चनमल्लप्पा : सांग, सांग त्यांना! मी अंगाला साबण लावून बसलेला. वरनं पाय आला. चपलेसकट!

मानसिंग : मी सॉरी म्हणालो होतो.

चनमल्लप्पा : ते मागनं! आधी काय म्हणाले? पाय माझ्या डोक्यावर लोंबतोय, डोळ्यांत साबण, आन् वरनं इचारतात, "तार तुटली नाही ना?"

पार्वतम्मा : भाऊ, हसू नगा.

मानसिंग : हसत नाही मी.

पार्वतम्मा : मी हसतीय, तेवढं पुरं. आता ऐका दोघं. साडेपाच वाजून गेले. भाऊंचा पाय पत्र्यावर चालत न्हाय ना? मग हेच चढतील. भाऊ हिकडनं सांगतील तसं करतील. पाय यांचा, अक्कल भाऊंची.

चनमल्लप्पा : चढतो. पण एक अट हाय.

पार्वतम्मा : आता काय?

चनमल्लप्पा : इचार त्यांना, नाव काय ठेवलं?

मानसिंग : कुणाचं नाव?

चनमल्लप्पा : शिवयोगीच्या नातीचं! बेळगावच्या.

मानसिंग : अक्का... यांना शिवयोगी कसा माहीत?

पार्वतम्मा : आता लपवून काय करायचं. रोज सहाला न्हाणीत जाऊन बसतात. दाराला आतनं कडी. शेजारच्या सोनाबाईला वाटतंय, यांनी सोवळं धरलंय, संध्याकाळचीबी अंघोळ करतात.

मानसिंग : म्हणजे चार वर्षं चोरून ऐकतायत?

चनमल्लप्पा : चोरून? न्हाणी माझी, पत्रा माझा, बोलायला कोण सांगितलं होतं? तक्रार केली, कुणी आलं न्हाय. मग काय करणार, ऐकाय लागलो. पण निम्मंच येतं की! यांचंच तेवढं. तिकडचं कायबी न्हाय. दिवाळीत हे म्हणाले, "वा शिवयोगी, फार गोड नाव ठेवलंत." आन् फुडं पावसापाण्याचं! काय गोड? कुठलं गोड? सहा म्हयने झाले.

पार्वतम्मा : जेवता जेवता घास हातात तसाच, आन् मला म्हणतात, सुलोचना असंल का गं?

मानसिंग : नागूबाई.

चनमल्लप्पा : काय?

मानसिंग : अक्का, सांगा. नागूबाई ठेवलं.

चनमल्लप्पा : नागूबाई? इचार, हे गोड?

मानसिंग : त्याच्या आईचं नाव आहे. मी दुसरं काय म्हणणार?

चनमल्लप्पा : ...शिडी कुटं हाय?

पार्वतम्मा : ती काय, लिंबाला. सावकाश हो. भाऊ, तुमचं सामान द्या भिंतीवरनं.

मानसिंग : ही नायलॉनची दोरी. आणि हा चिनी मातीचा इन्सुलेटर, अंड्याएवढा आहे, पाडू नका. त्यांना सांगा, सेट बंद आहे, शॉक बसणार नाही. पाय फक्त वाशावर ठेवायचा. नुसत्या पत्र्यावर नाही.

चनमल्लप्पा : आता कळलं व्हय त्यांना, पाय कुटं ठेवायचा!

पार्वतम्मा : ते म्हणतात, बरं.

चनमल्लप्पा : पत्रा तापलाय. तळवं भाजतात माझं.

मानसिंग : आधी तार ठिगळावरून उचला म्हणावं. उचलली? आता कुजकी सुतळी तोडा. तार त्या इन्सुलेटरच्या एका भोकातनं ओवून पीळ द्यायचा. दुसऱ्या भोकातनं दोरी, आणि दोरी लिंबाच्या वरच्या फांदीला. तारेचा कुठंही पत्र्याला स्पर्श नको.

पार्वतम्मा : ऐकलं न्हवं?

चनमल्लप्पा : ऐकलं. गुडघ्याचं इचार.

पार्वतम्मा : तुमचा गुडघा दुखतोय? मग उतरा खाली!

चनमल्लप्पा : माझा न्हाय! संक्रांतीपासनं हे रोज इचारत होते, "गुडघ्याची सूज उतरली का? चालते का नीट? तेल लावता का?" शिवयोगीच्या बायकोचा गुडघा. बरा झाला का त्यो?

मानसिंग : बायकोचा नाही. घोडीचा.

चनमल्लप्पा : आँ?

मानसिंग : टांग्याची घोडी आहे त्याची. झाली बरी.

पार्वतम्मा : घोडी? अहो, मी सिद्धेश्वराला नारळ फोडून आले तिच्या गुडघ्यासाठी! हेच म्हणाले, बाईमाणूस हाय, लई सोसतीय बिचारी, जाऊन ये.

मानसिंग : तुम्ही... नारळ फोडलात?

चनमल्लप्पा : त्यांना सांग, बरी झाली न्हवं? मग नारळ वाया गेला न्हाय. हं. बांधली दोरी.

मानसिंग : गाठ पक्की आहे का विचारा.

चनमल्लप्पा : त्यांना म्हणावं, इणकराची गाठ हाय. जलमभर तुटलेलं सूत सांधलंय. गाठ सुटायची ती तारमास्तरची. म्हणूनच तार खाली आली.

पार्वतम्मा : ते म्हणतात, पक्की हाय.

मानसिंग : छान ताणली गेलीय. आता मी आत जाऊन सेट लावतो. सहा वाजलेच. त्यांना सांगा, न्हाणीत बसून कान द्या.

पार्वतम्मा : ते शिडीवरनं थेट तिकडंच गेले, सांगायला कशाला पायजे. कडीबी लावली.

चनमल्लप्पा : पार्वती! बोलाय लागले का?

पार्वतम्मा : बोलतायत की. खिडकीतनं दिसतंय, तोंड हलतंय.

चनमल्लप्पा : मोठ्यानं बोला म्हण.

पार्वतम्मा : भाऊ, मोठ्यानं! ...अहो, शीर ताणून बोलतायत. काय आलं का?

चनमल्लप्पा : न्हाय.

पार्वतम्मा : जरासुदिक?

चनमल्लप्पा : कायबी न्हाय.

मानसिंग : अक्का! पत्रा काय म्हणतो?

पार्वतम्मा : गप हाय.

मानसिंग : जमलं! अक्का, जमलं! शिवयोगी तर ओरडायलाच लागला, आज नवा सेट घेतला का म्हणून. चार वर्षांत एवढं स्वच्छ बोलणं झालं नव्हतं. उद्या साहेबांना त्यांनी खुशाल खरं ते सांगावं. लायसन वाचलं माझं!

पार्वतम्मा : ऐकलं का? झालं काम. या भायेर.

चनमल्लप्पा : जरा बसतो.

पार्वतम्मा : आता काय ऐकायचं ऱ्हायलंय तितं?

चनमल्लप्पा : कायबी न्हाय. म्हणून तर बसलोय.

पार्वतम्मा : अहो, या की. असं लहान पोरावानी काय करता?

चनमल्लप्पा : आलो. इचार त्यांना, आज शिवयोगी काय काय म्हणाला.

पार्वतम्मा : मी न्हाय इचारणार. भाकऱ्या टाकायच्यात मला. आजपासनं निरोप बंद, दोघांचाबी. तुमची तार तुमी वढा.

(पार्वतम्मा आत जाते. भिंतीच्या दोन बाजूंना दोघं उभे.)

चनमल्लप्पा : ए शिडी, त्यांना इचार, शिवयोगीच्या पोराची बदली झाली का? गेल्या बेस्तरवारी हे म्हणत होते, "काळजी करू नका, होईल."

मानसिंग : शिडी, त्यांना सांग, झाली. केमला.

चनमल्लप्पा : केमला? आपल्या करमाळ्याकडच्या? तितं शाळा मोठी हाय का?

मानसिंग : शाळा कशाला? स्टेशनात लागला तो. रेल्वेत आहे पोरगा.

चनमल्लप्पा : रेल्वेत? मी मास्तर धरून चाललो होतो.

मानसिंग : चार वर्षं?

चनमल्लप्पा : शिडी, त्यांना म्हण, निम्म्यावर माणूस काय काय धरणार? तिकडचं सगळं मीच भरत होतो. हे म्हणायचे, "खरं सांगता?" की मी तिकडनं कायतरी खरं सांगायचो. हे हसले की मी म्हणायचो, आज शिवयोगीनं लई भारी केली. आता घोडीबी आली, रेल्वेबी आली... माझा शिवयोगी लई चांगला माणूस होता वो.

मानसिंग : खराही वाईट नाही. शिडी, त्यांना सांग, घोडीला नारळ फोडल्याचं मी आज त्याला सांगितलं. तो म्हणाला, कोण ते, मला बोलायचंय त्यांच्याशी.

चनमल्लप्पा : माझ्याशी?

मानसिंग : नियमाप्रमाणे माईक मलाच धरावा लागतो. पण शेजारी बसलं तर दोन्हीकडचं ऐकू येतं. उद्या साहेब गेले की संध्याकाळी सहाला माझं दार उघडं असेल. शिडी, त्यांना हेही सांग, माझ्याकडं खुर्ची एकच आहे.

चनमल्लप्पा : मी भुईवर बसतो, मानसिंगराव.