मोहाच्या झाडाखालचा डबा

कुणीतरी लपवलेला डबा नकाशावरच्या खुणेवरून शोधायचा, हा आपल्या ग्रुपाचा खेळ. त्यात शोधायला सगळे पुढे, पण डबा लपवायचा म्हटलं की "हरवला तर?" असं विचारून मागे. म्हणून हे सांगतो.

नवेगाव बांधजवळ मोहाच्या झाडाच्या मुळाशी आमच्या हिने डबा लपवला होता. डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं; त्यात पहिलं नाव तिचंच. ती गेल्यावर तिचं अक्षर पाहायला मी तिथे गेलो, तर झाडाखालचा सगळा पाला जळालेला. मी राखेत चाचपडत बसलो.

मागून एक मावशी म्हणाली, "काय शोधून राहिले, भाऊ?"

"डबा होता इथं."

"तो? घरी हाये. मोहफुलं वेचाच्या आधी आमी पाला जाळतो ना. डबा जळन म्हणून दरसाल मी घरी नेऊन ठेवतो. फुलं सरली का परत जाग्यावर. ठेवणारी बाई तुमच्या घरची का? यंदा नाही आली?"

"ती आता नाही येणार."

मावशी घरी गेली आणि डबा घेऊन आली. वही कोरडी होती. मी पहिलं पान उघडून तिचं नाव वाचलं.

निघताना ती म्हणाली, "एकच कायले? तुमीबी एक ठेवा. दोन न्याले का मले बैलगाडी लागते?"

मी ठेवला. आता तुमचं बोला.